वर जाण्याची वाट : कोल्हापूरच्या तालमी, बढतीचे सामने आणि तळाच्या संघाची धास्ती

साखळी स्पर्धा अखेरच्या फेऱ्यांत आली की कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दोन वेगळ्या गर्द्या दिसू लागतात. एक गर्दी विजेतेपदाची. ती गर्जते, नाचते, गुलाल उधळते, तिचे फोटो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत येतात. दुसरी गर्दी गुणतक्त्याच्या तळाशी अडकलेल्या संघाची. ती बोटांवर हिशेब करीत असते. आज बरोबरी झाली तर किती गुण, समोरचा हरला तर गोलफरक कोणाचा चांगला, आणि परवाच्या सामन्यात आपल्याला कोणाच्या पराभवासाठी प्रार्थना करायची. वर्षभर ज्या पेठेच्या नावाने खडे फोडले, तिच्याच विजयासाठी हात जोडायची वेळ या गर्दीवर येते.

इतिहासाच्या पुस्तकांत विजेत्यांची नावे राहतात. हा धागा मात्र त्या दुसऱ्या गर्दीचा आहे. वरच्या गटात चढण्याची आशा आणि खालच्या गटात घसरण्याची भीती फुटबॉलमध्ये कोठून आली, ती कोल्हापूरच्या तालमींत कशी मुरली, आणि देशाच्या मोठ्या फुटबॉलमध्ये तिचे काय झाले, याची ही कहाणी.

सुरुवात कुस्तीपासून करावी लागते. कोल्हापुरात फुटबॉल संघाला सहसा 'क्लब' म्हणत नाहीत, 'तालीम' म्हणतात. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, वेताळमाळ तालीम मंडळ ही नावे वाचून बाहेरच्या माणसाला वाटते की आखाड्यातील मल्लांची यादी चालली आहे. ते अगदीच चुकीचे नाही. या संस्थांच्या पायात लाल माती आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जो राजाश्रय दिला, त्यातून शहराच्या पेठापेठांत तालमींचे बळ वाढले. १९०२ साली युरोपच्या दौऱ्यात महाराजांनी रोमचे प्राचीन क्रीडागृह पाहिले आणि पुढे १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले, ही गोष्ट कोल्हापूरकराला सांगावी लागत नाही.

तालीम म्हणजे केवळ व्यायामाची जागा नव्हे. पेठेचा गणपती तालमीचा, मोहरमचा पंजाही अनेक ठिकाणी तालमीचाच. भांडण मिटवायचे ते तालमीच्या कट्ट्यावर, आणि नवे भांडण सुरू होते तेही बहुधा तेथेच. फुटबॉल या शहरात आला तेव्हा त्याला संघ नव्याने जन्माला घालावे लागले नाहीत. खेळाडू, वर्गणी, निष्ठा आणि शेजारच्या पेठेशी जुने वैर हे सर्व साहित्य तयार होते. चेंडू तेवढा नवा होता.

१९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजेच केएसए, स्थापन झाली आणि या विखुरलेल्या उत्साहाला वेळापत्रक मिळाले. मैदानांची कथा तर आणखी रंजक आहे. कोल्हापूर हे एके काळी तळ्यांचे शहर. वरुणतीर्थ बुजले आणि त्याचे गांधी मैदान झाले, कपिलतीर्थाच्या जागी मंडई आली, आणि रावणेश्वर तळ्याच्या जागेवर शाहू स्टेडियम उभे राहिले. जेथे पूर्वी पाणी साठत असे, तेथे आता दुपारी चारच्या सुमारास माणसे साठतात.

आता मुद्द्याकडे. केएसएच्या स्पर्धेत वरिष्ठ गट आहे आणि त्याखाली अ, ब, क असे उतरते गट आहेत. वरच्या गटात तळाला राहणारे संघ खाली जातात, खालच्या गटातील अव्वल संघ वर येतात. नियम एका वाक्यात संपतो. त्याचा परिणाम एका वाक्यात संपत नाही.

कारण कोल्हापूरचा हंगाम साखळीने संपत नाही, साखळीने सुरू होतो. साखळीनंतर उन्हाळ्यापर्यंत एकामागून एक चषकांच्या बाद फेरीच्या स्पर्धा होतात. तालमी, मंडळे आणि राजकीय पुढारी त्यांचे आयोजन करतात. बक्षिसांच्या रकमा, गर्दी, नाव हे सगळे तेथे असते, आणि या स्पर्धांचे निमंत्रण प्रामुख्याने वरिष्ठ गटातील संघांना असते. म्हणजे खालच्या गटात घसरलेली तालीम नुसती एक पायरी उतरत नाही. उन्हाळ्यातील त्या साऱ्या संध्याकाळींना तिची पोरे गॅलरीत बसून दुसऱ्यांचे सामने पाहतात.

त्यामागोमाग इतर गोष्टी ओघाने येतात. चांगला खेळाडू वरच्या गटातील तालमीकडे जातो. त्याला दोष देता येत नाही, त्याचे खेळण्याचे वय मोजकेच असते. पुरस्कर्ता हात आखडता घेतो. वर्गणीसाठी दारोदार जाणाऱ्या कार्यकर्त्याला 'यंदा कुठल्या गटात?' असा प्रश्न ऐकावा लागतो, आणि तो प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते. एकदा घसरलेल्या संघाला वर यायला म्हणूनच एका हंगामाहून बराच अधिक काळ लागू शकतो. तळाच्या संघाच्या समर्थकाची धास्ती भावनेची कमी आणि व्यवहाराची जास्त असते, ती यामुळे.

याला दुसरी, काळी बाजूही आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. इतके काही पणाला लागले की पंचाचा एक निर्णय पेठेचा अपमान ठरतो. शाहू स्टेडियमवर सामने थांबले आहेत, दगड भिरकावले गेले आहेत, मैदानावरची हाणामारी रस्त्यावर आली आहे, बंदोबस्ताशिवाय मोठा सामना होत नाही अशी वेळ आली आहे. परगावचे लोक याला 'कोल्हापूरची ईर्ष्या' म्हणून कौतुकाने सांगतात. जखमी झालेल्या पोराच्या घरी ते कौतुक पोचत नसावे.

पण ही वर-खाली होण्याची शिडी कोल्हापूरने शोधलेली नाही. तिचा जन्म इंग्लंडमधला, आणि तिच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे.

१८८८ साली इंग्लंडमध्ये बारा संघांची फुटबॉल लीग सुरू झाली. १८९२ मध्ये तिला दुसरा विभाग जोडला गेला, आणि लगेच प्रश्न उभा राहिला की खालच्या विभागातून वर कोणी आणि कसे यायचे? उत्तर म्हणून 'कसोटी सामने' सुरू झाले. वरच्या विभागातील तळाचे संघ आणि खालच्या विभागातील अव्वल संघ हंगामाच्या शेवटी समोरासमोर येत. आजच्या प्लेऑफचे हे पणजोबा.

३० एप्रिल १८९८. स्टोक आणि बर्नली यांच्यात कसोटी मालिकेतील शेवटचा सामना. गुणतक्ता असा जमून आला होता की बरोबरी झाली तर दोन्ही संघांचे भागणार होते. मग व्हायचे तेच झाले. दोन्ही संघांनी गोलच्या दिशेने चेंडू मारण्याचे कष्टच घेतले नाहीत. चेंडू इकडून तिकडे फिरत राहिला. चिडलेल्या प्रेक्षकांनी आपल्याकडे आलेला चेंडू परत देणे बंद केले, आणि सामना पुरा करण्यासाठी एकामागून एक नवे चेंडू आणावे लागले, असे सांगतात. निकाल ०-०.

त्या बरोबरीने ज्यांचा घात झाला ते दोन संघ होते न्यूकॅसल युनायटेड आणि ब्लॅकबर्न रोव्हर्स. गहजब झाला. शेवटी लीगने वरच्या विभागातील संघांची संख्या १६ वरून १८ केली आणि या दोघांनाही सामावून घेतले. कसोटी सामने कायमचे बंद झाले. पुढच्या हंगामापासून तळाचे दोन थेट खाली आणि वरचे दोन थेट वर, अशी रीत पडली. ब्लॅकबर्नचे नाव लक्षात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे, आणि तेही पुण्यामार्गे.

जवळजवळ नव्वद वर्षांनी, १९८७ मध्ये, इंग्लंडने प्लेऑफ पुन्हा आणले. हेतू साधा होता. वरच्या विभागातील संघ कमी करायचे होते आणि हंगामाच्या शेवटी मधल्या संघांच्या सामन्यांनाही गर्दी खेचायची होती. व्यवस्था तात्पुरती म्हणून आली आणि मुक्कामालाच राहिली, कारण आयोजकांना एक गोष्ट उमगली : विजेतेपदाची आशा दोन-तीन संघांच्या समर्थकांना असते, पण बढतीची आशा आणि घसरणीची भीती मिळून निम्म्याहून अधिक गुणतक्त्याला शेवटपर्यंत जागे ठेवते.

आता ब्लॅकबर्न. २०१० च्या नोव्हेंबरात पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, म्हणजे 'वेंकीज'ने, हा क्लब विकत घेतला. लीगच्या मूळ बारा संघांपैकी एक, १९९५ चा प्रीमियर लीग विजेता, आणि मालक पुण्यातील कोंबडीपालन उद्योग! महाराष्ट्रातील वाचकांना त्या वेळी अभिमान वाटला होता. तेथील समर्थकांना तो फार काळ वाटला नाही. मे २०१२ मध्ये घरच्या मैदानावर विगनकडून हरून ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून खाली गेला, आणि त्या सामन्यात मालकांचा निषेध म्हणून प्रेक्षकांनी क्लबच्या रंगांत गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. २०१७ मध्ये संघ आणखी एक पायरी घसरून तिसऱ्या स्तरावर गेला. पण २०१८ मध्ये तो परत दुसऱ्या स्तरावर चढला. महत्त्वाचे आहे ते हे शेवटचे वाक्य. मालक तेच होते, समर्थकांचा रागही तोच होता, पण शिडी जागेवर होती. त्यामुळे मैदानावर जिंकून परत चढता आले.

भारतात ती शिडी कधी होती, कधी नव्हती, आणि पुष्कळदा होती पण कोणीतरी उचलून नेली.

१९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि लवकरच तिचा दुसरा विभागही आला. २००७ मध्ये तिची आय-लीग झाली. महाराष्ट्रासाठी तो काळ मोठ्या आशेचा होता. २००७ साली स्थापन झालेल्या मुंबई एफसीने २००८ मध्ये द्वितीय श्रेणी जिंकून वरच्या लीगमध्ये प्रवेश मिळवला. त्याच वर्षी जन्मलेल्या पुणे एफसीने २००९ मध्ये तीच पायरी ओलांडली. पैशाने विकत घेतलेली जागा नव्हे, खेळून मिळवलेली. २०१२-१३ च्या हंगामात पुणे एफसी आय-लीगमध्ये उपविजेता ठरला. बालेवाडीच्या गॅलरीत उभे राहून ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना आजही त्याची हळहळ वाटते.

मुंबई एफसीची कथा तर तळाच्या गर्दीसाठीच लिहिली गेली असावी. हा संघ बहुतेक हंगामांत गुणतक्त्याच्या खालच्या अर्ध्यात असे. खालिद जमील सुमारे सात वर्षे त्याचे प्रशिक्षक होते, आणि दर वर्षी शेवटच्या काही सामन्यांत गुण गोळा करून ते संघाला खाली जाण्यापासून वाचवीत. यात सौंदर्य नव्हते, चिवटपणा होता. २०१६ मध्ये क्लबने त्यांना निरोप दिला. पुढच्याच हंगामात, २०१६-१७ मध्ये, मुंबई एफसी तळाला राहून खाली गेला आणि पाठोपाठ बंद पडला.

आणि खालिद जमील? ते मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे गेले. हा आयझॉल आदल्या हंगामात स्वतः घसरला होता. आय-लीगमधून त्याची पदावनती ठरली होती, पण काही संघ बाहेर पडल्याने त्याला परत बोलावण्यात आले. त्या परत बोलावलेल्या संघाने खालिद जमील यांच्या मार्गदर्शनाखाली २०१७ मध्ये थेट आय-लीगचे विजेतेपद जिंकले. ज्या हंगामात त्यांचा जुना संघ तळाला गेला, त्याच हंगामात घसरलेला संघ शिखरावर पोचला. फुटबॉलच्या इतिहासात असे योग फार थोडे. पुढे, २०२५ मध्ये, हेच खालिद जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

ज्या संघांच्या बाहेर पडण्याने आयझॉलला जागा मिळाली, ते गोव्याचे होते. ही गोष्ट थोडी सावकाश सांगायला हवी, कारण सगळ्या प्रश्नाचे मूळ तिच्यात आहे.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, सुरू झाली. चित्रपट तारे, क्रिकेटपटू, परदेशी पाहुणे खेळाडू असा थाट होता. संघ फ्रँचायझीच्या रूपाने विकले गेले. तेथे बढती नव्हती, घसरणही नव्हती. तळाला राहिलेला संघ पुढच्या वर्षी त्याच झगमगाटात परत येई. २०१६ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने एक आराखडा मांडला : आयएसएल हीच देशाची सर्वोच्च लीग होईल, आय-लीग दुसऱ्या स्तरावर जाईल, आणि दोहोंमध्ये काही वर्षे तरी ये-जा नसेल.

गोव्याच्या धेंपो स्पोर्ट्स क्लबने राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवले होते. २०१४-१५ मध्ये तो अनपेक्षितपणे घसरला. मात्र पुढच्याच वर्षी द्वितीय श्रेणी जिंकून त्याने आय-लीगमध्ये परतण्याचा हक्क कमावला. समर्थकांच्या दृष्टीने यापेक्षा सुंदर पुनरागमन कोणते? पण २०१६ च्या त्या आराखड्यानंतर साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या तिघांनीही आय-लीगमधून माघार घेतली. वर जाण्याची वाटच बंद होणार असेल तर धावायचे कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. धेंपोने मैदानावर जिंकलेली बढती नाकारली. घसरण पचवलेल्या क्लबला बंद दार पचले नाही.

महाराष्ट्रात दाराचा प्रश्नही उरला नाही, घरच गेले. २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये कंपनीच्या निर्णयाने बंद झाला. पुणे एफसी २०१५ मध्ये गुंडाळला गेला. पुण्याचाच भारत एफसी एक हंगाम खेळला, तळाला राहिला आणि विसर्जित झाला. डीएसके शिवाजियन्सला २०१५-१६ मध्ये थेट प्रवेश मिळाला, तळाला राहूनही नियमानुसार घसरणीतून सूट मिळाली, आणि २०१७ मध्ये तोही संपला. या यादीत एक बारीक पण बोचरी गोष्ट आहे. मुंबई एफसी सोडला तर यांतील एकही संघ खालच्या गटात ढकलला गेल्याने मेला नाही. ते वरच्या गटात असतानाच मेले. मालकाने वही मिटली आणि संघ संपला.

कोल्हापूरची तालीम आणि हे क्लब यांतील फरक येथे दिसतो. तालीम खाली जाते, पण बंद होत नाही. तिला बंद करण्याचा अधिकार एका माणसाकडे नाही. संघ घसरला तरी गणपती बसतो, पंजा बसतो, सकाळी पोरे मैदानावर जातात. पेठ विकता येत नाही. याच कारणाने तिला मोठी गुंतवणूकही मिळत नाही, हे मान्य करायला हवे.

२०१९ मध्ये आशियाई महासंघाच्या संमतीने नवा आराखडा आला. २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला, निकष पूर्ण केल्यास, प्रवेशशुल्काशिवाय आयएसएलमध्ये जागा, आणि २०२४-२५ पासून पूर्ण बढती-घसरण, असे ठरले. पहिला भाग पाळला गेला. २०२३ मध्ये पंजाबचा राऊंडग्लास संघ आणि २०२४ मध्ये कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग खेळून वर गेले. दुसरा भाग मात्र कागदावर राहिला. २०२४-२५ च्या हंगामातही आयएसएलमधून कोणी खाली आले नाही.

२०२५ मध्ये तर बढतीचा निकाल मैदानावर लागलाच नाही. आय-लीगचा हंगाम एप्रिलमध्ये संपला, गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला विजेता घोषित करण्यात आले, आणि इंटर काशीने क्रीडा लवादाकडे धाव घेतली. जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधील त्या लवादाने विजेतेपद इंटर काशीचे असल्याचा निर्णय दिला. दोन्ही संघांचे समर्थक तीन महिने गोलफरकाऐवजी नियमपुस्तिकेतील कलमे वाचीत होते. १८९८ च्या स्टोकमधील प्रेक्षकांना निदान चेंडू लपवून ठेवता आला होता.

धेंपोची गोष्ट अर्धवट राहिली. तो क्लब २०२४ मध्ये आय-लीगच्या खालच्या श्रेणीतून पुन्हा आय-लीगमध्ये चढला. एकदा कमावून नाकारलेली पायरी त्याने आठ वर्षांनी दुसऱ्यांदा कमावली.

मग कोल्हापूरची तालीम ही पायरी का चढत नाही? हजारोंची गर्दी, ऐंशीहून अधिक वर्षांची संघटना, परदेशी खेळाडू आणण्याइतकी हौस, हे सगळे या शहरात आहे. आफ्रिकी देशांतील खेळाडू पेठांच्या जर्सीत खेळले, आणि गल्लीतील पोरांनी त्यांना अस्सल कोल्हापुरी भाषा शिकवली. अडचण जिंकण्या-हरण्याची नाही. राष्ट्रीय स्तरावर खेळायला परवान्याचे निकष असतात. स्वतंत्र कायदेशीर संस्था, वयोगटांचे संघ, पात्रताधारक प्रशिक्षक, ठरावीक दर्जाचे मैदान, ताळेबंद हे सगळे दाखवावे लागते. तालमीचे सगळे बळ याच्या उलट प्रकारचे आहे. ते नोंदवहीत नसते, माणसांत असते.

शहराने वेगळ्या वाटेने मात्र माणसे पाठवली. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. त्याची वाट पेठेच्या वरिष्ठ गटातून गेली नाही, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून गेली. पुढे तो काही काळ सरावासाठी इंग्लंडला गेला, आणि तो क्लब होता ब्लॅकबर्न रोव्हर्स! २०१९ मध्ये लुधियानात झालेल्या भारतीय महिला लीगमध्ये एफसी कोल्हापूर सिटी हा मुलींचा संघ उतरला. ज्या शहरात फुटबॉल म्हणजे तालमीतील पुरुषांचा मामला समजला जात होता, त्या शहराचे नाव राष्ट्रीय लीगच्या पटावर मुलींनी नेले. पेठांच्या चर्चेत ही नोंद अजून पुरेशी झालेली नाही, हे खटकते.

शेवटी नकाशा थोडा पूर्वेला सरकवावा. करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी शाहू स्टेडियमपासून दहाएक किलोमीटरवर आहे. शेजारी विमानतळ, आणि त्याच्या विस्तारासाठी गावची जमीन लागलेली. अशा गावातील मुलगा मोठ्या सामन्याला शहरात येतो, तेव्हा तो कोणत्या पेठेचा? जन्माने कोणत्याच नाही. कोणी मामाच्या पेठेचा होतो, कोणी मित्राच्या, कोणी एखाद्या खेळाडूच्या पायांवर भाळून त्याच्या तालमीचा. पेठेचा पोरगा संघ निवडत नाही, तो संघात जन्मतो. शहराबाहेरचा निवडतो, आणि निवडलेल्या संघाची घसरण अधिक बोचते. दुसरा संघ निवडण्याची मोकळीक असते, आणि ती वापरायची लाज वाटते.

अशा मुलाला स्वतः खेळायचे असेल तर शिडीची पहिली पायरी केएसएच्या अगदी खालच्या गटात आहे. तेथे गॅलरी भरत नाही आणि वर्तमानपत्रात निकाल दोन ओळींत येतो. फुलेवाडी क्रीडा मंडळासारखा उपनगरातील संघ जुन्या पेठांच्या तालमींच्या बरोबरीने वरिष्ठ गटात खेळतो, हे त्या मुलाने पाहिलेले असते. म्हणजे पेठेच्या वेशीबाहेरून आत येता येते. वरिष्ठ गटाच्या पुढे, कोल्हापूरच्या वेशीबाहेर जाता येते का, याचे उत्तर त्याला अजून कोणत्याही तालमीने दिलेले नाही.

जूनमध्ये पाऊस येतो. रावणेश्वराच्या जुन्या तळ्याला आपले पाणी आठवते, मैदानात चिखल होतो, सामने थांबतात. घसरलेल्या संघाचे कार्यकर्ते तालमीच्या कट्ट्यावर बसून कोण राहणार, कोण जाणार याची यादी करतात. मग पाऊस ओसरतो आणि केएसएकडे नव्या हंगामाची खेळाडू नोंदणी सुरू होते. त्या रांगेत वरिष्ठ गटाचे अर्ज असतात, तसे खालच्या गटांचेही.